वेळापत्रक सगळ्यात शेवटी: विद्यार्थ्याने आपला वेळ आधी मोजायचा कसा आणि मग लावायचा कसा

जून संपत आला की माझ्याकडे वेळापत्रकं यायला लागतात. मी खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवते. अकरावी-बारावीची मुलं वहीच्या जोडपानावर स्केचपेनने आखलेला तक्ता घेऊन येतात. पहाटे ४ ते ६ फिजिक्स, ६ ते ७ गणित, रात्री ११ ला झोप. गावाहून येण्याजाण्याचे दोन-तीन तास त्यात कुठेच नसतात. पाणी भरणं नसतं, गुरांचं चारापाणी नसतं.

चौथ्या दिवशी तक्ता मोडतो. आठवड्याने मूल म्हणतं, "मॅडम, टाइमच भेटत नही." आणखी महिन्याने ते स्वतःला आळशी म्हणायला लागतं, आणि ते ऐकताना मला फार वाईट वाटतं. त्या मुलाने मेहनत केलेली असते. त्याचा क्रम तेवढा उलटा झालेला असतो: वेळापत्रक हे शेवटचं काम, ते त्याने पहिलं केलं.

खाली योग्य क्रम दिला आहे. पहिला आठवडा नुसता मोजण्यात जाईल, एक रविवार हिशोबात, आणि तिसऱ्या आठवड्यापासून घडी बसू लागेल. टप्पे गाळू नका. विशेषतः पहिला गाळू नका, कारण सगळ्यांना तोच गाळावासा वाटतो.

## तयारी: आधी काय जवळ हवं

खिशात किंवा कंपासपेटीत मावेल एवढी छोटी वही घ्या. मोठी वही घरी राहते आणि नोंद रात्रीवर जाते.

मनगटावर साधं काट्याचं घड्याळ हवं. वेळ बघायला मोबाइल काढला की वेळ बघून तो खाली ठेवला जात नाही. शिवाय बोर्डाच्या परीक्षेच्या हॉलमध्ये मोबाइल नसतोच, तेव्हा हाताला घड्याळाची सवय आत्तापासून लागलेली बरी.

प्रत्येक विषयाची धड्यांची यादी आणि समोर गुण. विषयाच्या शिक्षकांकडून ती उतरवून घ्या. कोणता धडा किती गुणांचा हे माहीत नसलेला विद्यार्थी आवडीचा धडा चार वेळा करतो आणि नावडता एकदाही नाही.

एसटीच्या खऱ्या वेळा. स्टँडवरच्या फलकावरच्या नव्हेत, गाडी तुमच्या फाट्यावर प्रत्यक्ष येते त्या. मुक्कामी गाडी पहाटे किती वाजता सुटते, मानव विकासची (शाळा-कॉलेजच्या मुलींसाठीची) बस सुट्टीच्या दिवशी असते की नाही, दुपारची गाडी चुकली तर पुढची कधी, हे एका पानावर लिहून ठेवा.

आठवडा निवडताना: घरात कानबाई (आमच्याकडचा श्रावणातला देवीचा उत्सव) बसणार आहे, पोळा आहे किंवा चुलतबहिणीचं लग्न आहे, असा आठवडा मोजायला घेऊ नका. साधा, रोजच्यासारखा आठवडा घ्या. आणि घरात सांगून ठेवा की सात दिवस मी वहीत काहीतरी लिहीत राहणार आहे. वही मात्र कुणाला दाखवायची नाही. दुसरं कुणी वाचणार म्हटलं की हात खोटं लिहितो.

## टप्पा १: सात दिवसांची नोंद

काम बदललं की वेळ लिहायची आणि पुढे दोन शब्द. बस्स. दर अर्ध्या तासाला लिहीत बसायची गरज नाही. नोंद अशी दिसते:

५.०० उठले
५.१५ पाणी, झाडलोट
६.३० फाट्यावर
६.५० गाडी आली
७.३० कॉलेज

प्रत्येक नोंदीपुढे एक खूण करा. घरकाम किंवा शेतकाम असेल तर घ, प्रवास आणि गाडीची वाट बघणं प्र, कॉलेज किंवा क्लास क, अभ्यास अ, झोप झो. जेवण, आंघोळ, आवरणं यांना ज. आणि एक खूण फार महत्त्वाची: मि, म्हणजे मिसळ. पुस्तक उघडं आहे, शेजारी मोबाइल आहे, मधूनच बोलणं चाललंय, तो सगळा वेळ मिसळ. त्याला अभ्यास म्हणायचं नाही. हा एक नियम पाळला तरी नोंद सार्थकी लागते.

इथे तीन चुका ठरलेल्या आहेत.

पहिली, रात्री झोपताना आठवून लिहिणं. आठवणीत गाडीची वाट बघणं दहा मिनिटांचं होतं, खरं ते पस्तीस मिनिटांचं असतं. लिहायचं तर त्या क्षणी, फाट्यावर उभं राहून.

दुसरी, नुसतं "अभ्यास" लिहिणं. त्याऐवजी "गणित, समाकलन, ६ उदाहरणं" किंवा "रसायन, ४ पानं वाचली" असं लिहा. या आकड्यांची गरज पुढच्याच टप्प्यात लागणार आहे.

तिसरी चूक चांगल्या मुलांची: नोंदीच्या आठवड्यात एकदम शहाण्यासारखं वागणं. पहाटे चारला उठणं, मोबाइल बंद ठेवणं. असा आठवडा मोजून काही हाती लागत नाही, कारण तो तुमचा आठवडाच नसतो. जसे राहता तसे राहा आणि तसंच लिहा.

एका मुलीची नोंद सांगते. बारावी सायन्स, गाव शिरपूरपासून साधारण १८ किलोमीटर. तिला खात्री होती की ती रोज पाच तास अभ्यास करते. तिचा एक साधा मंगळवार असा निघाला:

रात्री १०.३० ते पहाटे ५ झोप, साडेसहा तास. ५ ते ६.३० पाणी आणि आवरणं, दीड तास. ६.३० ते ७.३० फाटा आणि गाडी, एक तास. ७.३० ते १२.३० कॉलेज, पाच तास. १२.३० ते २.३० स्टँडवर वाट बघणं आणि परत येणं, दोन तास. २.३० ते ३.३० जेवण, जरा आडवं होणं. ३.३० ते ५.३० मिसळ, दोन तास. ५.३० ते ७.३० स्वयंपाकाला हात, घरातली कामं. ७.३० ते ९ अभ्यास, दीड तास. ९ ते ९.३० जेवण. ९.३० ते १०.३० मोबाइल.

बेरीज चोवीस तास. त्यात निखळ अभ्यास दीड तास. ती रडली नाही, पण बराच वेळ त्या पानाकडे बघत बसली. मग म्हणाली, "मॅडम, स्टँडवर रोज माझा एक तास जातो." ते मला दिसलंच नव्हतं, तिला दिसलं. नोंद करायची ती यासाठी.

तपासणी: रोज रात्री बेरीज करा. ती २४ तासांपेक्षा अर्ध्या तासाहून कमी-जास्त भरत असेल तर कुठेतरी भोक आहे. बहुतेक वेळा ते भोक मोबाइलचं असतं.

तपासणी: सातपैकी दोन दिवसांची नोंद राहून गेली तर आणखी दोन दिवस वाढवा. अंदाजाने भरू नका.

## टप्पा २: तासाचा भाव काढा

आमच्याकडे दिवाळीच्या सुट्टीत वेचणीला गेलेल्या कुठल्याही मुलीला विचारा, दिवसाला किती कापूस वेचतेस. ती किलोत सांगेल, सकाळचा किती आणि दुपारचा किती हेही सांगेल, कारण मजुरी किलोवर मिळते. त्याच मुलीला विचारा, एका तासात गणिताची किती उदाहरणं सोडवतेस. गप्प बसेल. वेळेची किंमत कळत नाही ती इथे. भाषणं ऐकून ती कळत नाही. एका तासात माझ्या हातून काय होतं हा आकडा माहीत झाला की आपोआप कळते.

तेव्हा नोंदवहीतून हे काढा: निखळ अभ्यासाच्या एका तासात गणिताची किती उदाहरणं, फिजिक्सची किती पानं समजून, इतिहासाची किती उत्तरं न बघता लिहून. विषयागणिक वेगळा आकडा येईल. मग मिसळ तासाचाही आकडा काढा. दोन्ही शेजारी शेजारी लिहा. त्या मुलीची निखळ तासात सात उदाहरणं होत होती, मिसळ तासात दोन.

त्यानंतर आठवड्याची बेरीज दोन भागांत करा: बांधलेला वेळ आणि मोकळा वेळ. झोप, कॉलेज, प्रवास, घरकाम, जेवण हे बांधलेलं. राहिलेलं मोकळं. तिचं साध्या दिवसाचं मोकळं निघालं साडेचार तास: मिसळीचे दोन, अभ्यासाचा दीड, रात्रीच्या मोबाइलचा एक.

सावधान: झोप मोकळ्या वेळात धरायची नाही. बारावीच्या वयाला खरं तर आठ तास तरी झोप हवी, सातच्या खाली तर नकोच, आणि दिवसभर वाचलेलं झोपेतच डोक्यात पक्कं बसतं. झोप कापून मिळवलेला तास दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या बाकावर पेंगण्यात परत जातो.

## टप्पा ३: खुंटे ठोका, आधी वर्षाचे

अंगणात गुरं बांधायची तर आधी खुंटा ठोकतात. मोकळ्या वेळाला हात घालण्याआधी जे हलणार नाही ते सगळं कॅलेंडरवर मांडून घ्या. भिंतीवरचं साधं कॅलेंडर चालेल. शहरातल्या मुलांसाठी केलेले तक्ते आपल्याला का लागू पडत नाहीत ते इथे दिसतं.

जून-जुलैत पेरणी आणि प्रवेशाची धावपळ. श्रावणात कानबाई, मग पोळा, गणपती. ऑक्टोबर ते डिसेंबर कापसाची वेचणी, मधे दिवाळी. जानेवारीत प्रीलिम, पाठोपाठ प्रॅक्टिकल. फेब्रुवारी-मार्चला बोर्डाची परीक्षा, आणि नेमकी तेव्हाच हरभरा-गव्हाची काढणी. सातपुड्याच्या पट्ट्यात, अक्कलकुवा-धडगावकडे, होळी हा वर्षाचा सगळ्यात मोठा सण, तोही याच दिवसांत येतो. एप्रिल-मेमध्ये सीईटी आणि नीट या प्रवेश परीक्षा, त्याच वेळी लग्नसराई, आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि ऊन.

हे सगळं मांडून झाल्यावर घरात बसून एक प्रश्न विचारायचा: वेचणीला माझे किती दिवस लागतील? बापाला आकडा सांगायला लावा. दहा असो की वीस, तो आकडा आत्ताच वजा करा. मी स्वतः बारावीत असताना दिवाळीनंतरचे असे दिवस धरलेच नव्हते. रात्री भरून काढू म्हणायचे आणि रात्री वहीवर डोकं ठेवून झोपायचे. आधी वजा केले असते तर सप्टेंबरमध्ये दोन धडे पुढे गेले असते.

उन्हाचं वेगळं सांगते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. पत्र्याच्या घरात दुपारी १२ ते ५ डोकं चालत नाही, आणि चालत नाही म्हणून स्वतःला दोष देण्यात अर्थ नाही. त्या दोन महिन्यांत तो वेळ बांधलेल्यात टाका. पहाटे ५ ते ९ आणि संध्याकाळी ७ नंतर हेच तुमचे तास. गावात अभ्यासिका असेल, ग्रामपंचायतीचा किंवा शाळेचा पक्का वर्ग दुपारी उघडा मिळत असेल, तर गोष्ट निराळी.

आठवड्याचे खुंटे मग सोपे: गाडी, कॉलेज, क्लास, दूध घालायला जाणं, आठवडे बाजार.

शेतीची वीज हाही एक खुंटा आहे. बऱ्याच कृषी फीडरला (शेतीपंपांच्या वेगळ्या लाइनला) आळीपाळीने दिवसा आणि रात्री वीज मिळते, आणि रात्रीची पाळी आली की घरातला मुलगा मोटार चालू करायला, पाणी फिरवायला बापाबरोबर शेतात जातो. ती पाळी कोणत्या दिवशी येते हे घरात सगळ्यांना माहीत असतं, वेळापत्रकात मात्र कुणी लिहीत नाही. लिहा.

## टप्पा ४: कामाचे तुकडे करा आणि अंदाज तपासा

"फिजिक्स करायचं" हे काम नाही. ते कधी संपलं हे कुणालाच कळत नाही, म्हणून ते संपतच नाही. काम असं लिहा की झालं की नाही याचं उत्तर हो किंवा नाही असंच येईल: "वर्तुळ, सरावसंच, उदाहरण १ ते ८" किंवा "विद्युतधारा, सगळी सूत्रं न बघता एका पानावर".

एक तुकडा पाऊण तासापेक्षा मोठा नको. मोठा असेल तर अजून तोडा.

आता प्रत्येक तुकड्यापुढे अंदाजे मिनिटं लिहा. काम झालं की खरी लागलेली मिनिटं लिहा. असं तीन-चार दिवस, किमान दहा कामांचं करा. मग दोन्ही रकान्यांची बेरीज.

एका मुलाचा अंदाज होता ४०० मिनिटं, लागली ६२०. भागाकार केला तर साधारण दीडपट. म्हणजे त्याने पुढे "एक तास" म्हटलं की वेळापत्रकात दीड तास लिहायचा. एवढ्या एका भागाकाराने त्याचं वेळापत्रक पहिल्यांदा रविवारपर्यंत टिकलं. आपण सगळेच कामाला कमी वेळ धरतो, मोठी माणसंही. किती कमी धरतो हे ज्याला आकड्यात माहीत आहे त्याचीच आखणी टिकते.

नेहमीची चूक: पट जास्त आली म्हणून लाजून अंदाज वाढवणं. अंदाज मनात येईल तोच लिहा. पट दोनच्या वर येत असेल तर मात्र थांबा आणि बघा: एक तर तुकडा फार मोठा आहे, नाहीतर आधीचा धडा कच्चा आहे. समाकलनात अडकणाऱ्या दहापैकी बरीच मुलं खरं तर त्रिकोणमितीच्या सूत्रांत अडकलेली असतात. तिथे वेळ वाढवून उपयोग नाही, मागे जाऊन सूत्रं पक्की करावी लागतात.

तपासणी: पट विषयवार वेगळी काढा. भाषेत तुम्ही वेळेत असाल आणि रसायनात दुप्पट घेत असाल, तर दोन्हींना एकच पट लावून चालणार नाही.

## टप्पा ५: कोणतं काम कोणत्या वेळेला

दिवसाचे सगळे तास सारखे नसतात. डोकं ताजं असतं ते तास कमी, म्हणून त्यांत नवा आणि अवघड भाग. थकलेल्या तासांत उतरवणं, जर्नल पूर्ण करणं, आकृत्या. बहुतेक मुलं उलट करतात: ताज्या वेळी हेडिंगला रंगीत पेनने रेघा मारतात आणि रात्री दहाला समाकलन उघडतात. तुमचा ताजा वेळ पहाटेचाच असेल असं मी म्हणणार नाही. टप्पा २ मध्ये तासाचा भाव काढलाय, तोच बघा: ज्या वेळी जास्त उदाहरणं झाली ती तुमची ताजी वेळ.

प्रवासाच्या वेळेसाठी कार्ड करा. जुन्या वहीच्या कोऱ्या पानाचे आठ तुकडे, एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. व्याख्या, रासायनिक समीकरणं, सूत्रं, इंग्रजी शब्द. पंचवीस कार्डं रबरबँड लावून दप्तराच्या बाहेरच्या खणात. स्टँडवर बसून होतील, फाट्यावर उभं राहून होतील. गाडीत गर्दीत लटकून असाल तर कार्डही नको. डोळे मिटा आणि काल शिकलेल्या धड्याचे मुद्दे मनात क्रमाने म्हणा. जिथे अडाल ते घरी गेल्यावर पहिलं बघा.

भुसावळ-सुरत लाइनवर नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरहून गाडीने अपडाऊन करणाऱ्यांना बसायला जागा मिळाली तर ते वाचूही शकतात. तरी नवं गणित गाडीत शिकायला घेऊ नका. अर्धवट समजलेलं गणित पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं.

## टप्पा ६: आता वेळापत्रक

इथे आलात तर वेळापत्रक अर्ध्या तासात होतं. नियम थोडे आहेत.

फक्त एका आठवड्याचं करा, पेन्सिलने. महिन्याचं करू नका.

मोकळ्या वेळाच्या दोन तृतीयांशच भरा. साडेचार तास मोकळे असतील तर तीनच. उरलेला वेळ पाहुणे, वीज, पाऊस आणि उशिरा आलेली गाडी घेणारच आहेत. तो कोरा ठेवला की ते येतात तेव्हा अभ्यास मोडत नाही.

चौकटीत विषय लिहू नका, तुकडा लिहा. "४ ते ५.३०, गणित" असं लिहिलं तर चार वाजता पहिली वीस मिनिटं काय करायचं हे ठरवण्यात जातात.

पाऊण तास काम, मग पाच-दहा मिनिटं उठणं. पाणी पिऊन या, अंगणात फेरी मारा. त्या विश्रांतीत मोबाइल नाही.

आठवड्यात दोन जागा "भरपाई" म्हणून कोऱ्या: एक बुधवारी, एक रविवारी. राहिलेलं काम तिथेच जाईल. उद्याच्या कामावर ते चढवायचं नाही.

त्या मुलीचा दिवस असा बसला: ४ ते ५.३० गणित, मधे एकदा उठणं धरून. ७.३० ते ८.३० रसायन किंवा फिजिक्सचा नवा भाग. ९.३० ते १० पुस्तक मिटून दिवसाची उजळणी. झाले तीन तास. स्टँडवरची कार्डं वेगळी. तिची आई म्हणाली, तीनच तास? शेजारचा पोरगा दहा तास करतो. मी आईंसमोर हिशोब मांडला: रोज तीन तास सहा दिवस म्हणजे १८, रविवारी पाच, एकूण आठवड्याला २३. जुलै ते जानेवारी साधारण तीस आठवडे. सण, वेचणी, आजारपण यांचे पाच सोडले तरी पंचवीस. म्हणजे ५७५ तास, सगळे निखळ. आधीच्या दीड तासाच्या हिशोबाने ते निम्मेही भरत नव्हते.

तपासणी: वेळापत्रकात एसटी आहे का? घरकाम आहे का? झोप सात तासांच्या खाली गेली का? त्या मुलीची झोप साडेसहा तासच होती, म्हणून रात्रीचा मोबाइल काढून १० ला झोपायचं ठरलं.

## टप्पा ७: मोबाइलची जागा

मोबाइल बंद ठेवेन हे ठरवणं पुरत नाही. त्याची जागा ठरवा. अभ्यासाच्या वेळी तो दुसऱ्या खोलीत, आईजवळ किंवा देव्हाऱ्याजवळच्या फळीवर. एकच खोली असेल तर पत्र्याच्या पेटीत. हाताच्या अंतरावर उलटा ठेवलेला मोबाइलही लक्ष खातो.

कॉलेजचे, क्लासचे निरोप ग्रुपवर येतात, हे खरंय. त्यासाठी दिवसातल्या दोन वेळा ठरवा, समजा दुपारी जेवल्यावर आणि रात्री जेवल्यावर, दहा-दहा मिनिटं. नोट्सची पीडीएफ आली तर तेव्हाच उतरवून घ्या आणि लागणारं पान वहीत लिहा.

युट्यूबवरचं व्याख्यान पाहणं अभ्यासात धरायचं की नाही, असं नेहमी विचारतात. पाहून झाल्यावर त्याच भागाची तीन उदाहरणं व्हिडिओ बंद करून सुटली तर अभ्यास. नाहीतर मिसळ.

## टप्पा ८: उजळणीच्या तारखा

नवा धडा झाला त्याच दिवशी वहीच्या वरच्या कोपऱ्यात चार तारखा टाका: उद्याची, तिसऱ्या दिवसाची, सातव्या आणि एकविसाव्या दिवसाची. त्या त्या तारखेला धडा परत वाचायचा नाही. पुस्तक मिटून कोऱ्या पानावर आठवेल ते लिहायचं, मग उघडून राहिलेलं लाल पेनने भरायचं. पहिल्यांदा पंधरा मिनिटं लागतील, एकविसाव्या दिवशी पाच.

पुन्हा पुन्हा वाचलेलं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटतं म्हणून येतंय असं वाटतं. ती फसगत परीक्षेत कळते. आठवायला जोर लागला की समजा, पक्कं होतंय.

## टप्पा ९: रविवारची वीस मिनिटं

तीन ओळी लिहा. ठरवलेले तुकडे किती, झाले किती. कोणती वेळ सारखी मोडली. पुढच्या आठवड्यात काय हलवायचं. ठरवलेल्या वीसपैकी चौदा-पंधरा झाले तर आठवडा उत्तम गेला. दहाच्या खाली दोन आठवडे सलग राहिले तर तुकडे कमी करा. आणखी पहाटे उठायचं ठरवू नका.

## मोडलं तर

मोडणार. प्रश्न फक्त परत कसं लागायचं हा आहे.

वेचणीचे दिवस: किमान वीस मिनिटांचा नियम. एक कार्डांचा गठ्ठा आणि एक उदाहरण, बाकी काही नाही. पंधरा दिवस पूर्ण सुटलेली वही परत उघडायला फार जड जाते, रोज एकदा उघडलेली जड जात नाही.

रात्रीचं पाणी भरून आलात: दुसऱ्या दिवशी नवा भाग घेऊ नका. दुपारी आधी दीड तास झोपा, मग फक्त उजळणी.

आजारपण किंवा घरात दुःखद प्रसंग: राहिलेल्या कामांची यादी करा, समोर गुण लिहा, कमी गुणांचं खालून सोडून द्या. सगळं भरून काढायला गेलं की पुढचंही बुडतं.

घरच्यांना एकच विनंती आहे. मुलाला कामाला हाक मारायची तर वेळापत्रकाकडे बघून मारा. दीड तासात चार वेळा उठवलं की तो दीड तास मिसळ होतो. चारही कामं ५.३० ला एकदम सांगा, मूल ती करेल.

## शेवटचा महिना: गुणामागे मिनिटं

आता मोजायचं ते परीक्षेच्या हॉलमधलं. दहावीला बीजगणित आणि भूमिती प्रत्येकी ४० गुण, दोन तास. दहा मिनिटं तपासायला सोडली तर ११० मिनिटांत ४० गुण, म्हणजे गुणामागे पावणेतीन मिनिटं. तीन गुणांच्या प्रश्नाला आठ मिनिटं. आठ झाली आणि उत्तर आलं नाही तर जागा सोडून पुढे जायचं. बारावीच्या फिजिक्सला ७० गुण आणि तीन तास. तपासायला पंधरा मिनिटं ठेवा, गुणामागे साधारण सव्वादोन मिनिटं मिळतात. एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, प्रश्नाला १०८ सेकंद. त्याच परीक्षेत फिजिक्स-केमिस्ट्री मिळून १०० प्रश्नांनाही ९० मिनिटंच, प्रश्नाला ५४ सेकंद. नीटला १८० मिनिटांत १८० प्रश्न, आणि तिथे चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो, सीईटीत कापला जात नाही. म्हणून सीईटीत शेवटची दोन मिनिटं राहिलेली उत्तरं भरायला ठेवायची, नीटमध्ये तसं करायचं नाही.

आठवड्याला दोन पूर्ण पेपर लिहा, मनगटावर तेच घड्याळ लावून. बोर्डाचा सकाळचा पेपर ११ वाजता सुरू होतो. वर्षभर पहाटे चारला अभ्यास केलेल्या मुलांना ११ ते २ मधे सुस्ती येते हे मी दरवर्षी पाहते. तेव्हा सराव पेपर सोडवायला बसायचं ते ११ लाच, सकाळी घरून हलकं खाऊन आणि मधे न उठता. पहिल्या पेपरला वेळ पुरणार नाही. कोणत्या प्रश्नावर किती मिनिटं जास्त गेली ते समासात लिहा, आणि दुसरा पेपर त्याच आठवड्यात लावा.